सांडव्यातलं टोमॅटोचं रोप

१

बांधावरचा सांडवा नाहीसा झालाय असं कुणी सांगितलं असतं, तर बांधमामांनी त्याला वेड्यात काढलं असतं. सांडवा म्हणजे काही सायकल नव्हे, कुणी कुलूप तोडून न्यायला. ती एक रिकामी जागा, आणि रिकामी जागा कोण पळवणार? पण त्या सकाळी मामा बांधाच्या डाव्या टोकाशी उभे होते, दोनदा डोळे चोळून झाले होते, आणि सांडवा जागेवर नव्हता.

बांध तसा छोटासाच. गल्ली जिथे संपते आणि डोंगराची घळ जिथे उघडते तिथे आडवा घातलेला, मातीचा, गवताने झाकलेला. पाणी साठवायला तो बांधलाच नव्हता. डोंगरावरून पावसात चिखल, धोंडे, उन्मळलेली झाडं सुटून येत, ती खालच्या घरांवर आदळू नयेत म्हणून मध्येच अडवायची, एवढंच त्याचं काम. मागचा खड्डा वर्षभर कोरडा असे. पावसाचं पाणी बांधाच्या पोटातल्या नळातून निघून जाई आणि दगडगाळ मागे राही. नळाच्या तोंडावरची जाळी पालापाचोळ्याने तुंबलीच, तर वर चढलेल्या पाण्याला जायला बांधाच्या डाव्या खांद्यावर दगड बसवलेली एक खोलगट वाट ठेवली होती. तोच सांडवा. मोठ्या खोलीएवढा रुंद, मांडीपर्यंत खोल.

मामा इतकी वर्षं या बांधाचे राखणदार होते की त्यांचं खरं नाव गल्ली विसरून गेली होती. बांधाच्या कुशीतलं सरकारी घर, पुढे चार फुलझाडं, आत मामी आणि चहाची किटली, असा त्यांचा संसार. मुलगी लांबच्या गावी बाळंत झाली तेव्हा आधी मामी जाऊन राहिल्या. परत आल्यावर त्यांनी मामांच्या हातात पिशवीच दिली. "आता तुम्ही जा. नात बघून या. बांधाकडे मी बघते." मामा गेले, नातीला मांडीवर घेऊन बसले, आणि पावसाळा तोंडावर आला तेव्हा नाइलाजाने उठले. आदल्या संध्याकाळीच ते परतले होते.

सकाळी दूध आणायला खाली जाऊन बांधाकडे येताना गल्ली त्यांना भलतीच प्रेमळ वाटली होती. शिंपीणबाईंनी खिडकीतून हात केला. काठीमंडळातली म्हातारी मंडळी, म्हणजे रोज सकाळी काठ्या टेकत बांधापर्यंत फिरायला येणारी, आज एकेक करून विचारत होती, "काय मामा, झोप लागली ना छान?" मंडळाचे म्होरके, निवृत्त दातांचे डॉक्टर, नेहमीसारखे तोंडाकडे बघून बोलले, "नातीला दात आले की आधी मला कळवायचं हं!" सगळ्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू होतं, जणू मामांना लॉटरी लागलीय आणि ती फक्त मामांनाच ठाऊक नाही. एक गोष्ट मात्र मामांना खटकली. खिडक्याखिडक्यांतल्या कुंड्यांमध्ये झाडं खोल बसली होती, काठाच्या वर नुसते शेंडे. आपण महिनाभर नव्हतो तर लोकांनी झाडांकडेही लक्ष दिलं नाही, असं मनात म्हणून ते वर आले होते.

आणि वर हे असं. सांडव्याच्या जागी बांधाचा माथा सरळ, सपाट. वर कोवळं गवतसुद्धा. मामांच्या पायाखालची जमीन सरकली, म्हणजे खरं तर सरकली नव्हती. नको तिथे जास्तीची आली होती.

"मामा," मागून एक ओळखीचा, खणखणीत आवाज आला. "सांडवा कुठे ठेवलात?"

२

आवाज तपासनीस बाईंचा होता. पावसाळ्याआधी जिल्ह्यातले सगळे छोटे बांध फिरून बघायचे, हे त्यांचं काम. अंगाने भरलेल्या, चालायला झपझप, एका हातात लोखंडी टोकाची छत्री आणि कोटाच्या खिशात बिस्किटांचा पुडा. बांध बघताना त्या आधी बूट काढत. ओल डोळ्यांआधी तळव्यांना कळते, असं त्यांचं म्हणणं.

"बाईसाहेब, शपथेवर सांगतो, मी..."

"तुम्ही इथे नव्हता. काल आलात. पायताणाला अजून त्या गावची लाल धूळ आहे." त्यांनी बिस्कीट पुढे केलं. "घ्या. रिकाम्या पोटी घाबरू नये."

मामांनी बिस्कीट घेतलं आणि नुसतंच हातात धरलं. नियम त्यांना पाठ होता. सांडवा मोकळा ठेवणं हे राखणदाराचं पहिलं काम. तपासणीत तो बुजलेला सापडला तर राखणदार बदलायचा, आणि राखणदार बदलला की घरही सोडायचं. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. या वयात मामीला घेऊन कुठे जायचं?

बाई घाईने बोलणाऱ्या नव्हत्या. त्या बांधाच्या माथ्यावरून अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. उंदराची बिळं नाहीत, भेगा नाहीत, उतारावर झाडोरा नाही, पायथ्याशी ओल नाही. "बांध तुम्ही पोटच्या पोरासारखा ठेवलाय," त्या म्हणाल्या. "पण उद्या दुपारपासून मोठा पाऊस सांगितलाय. नळ तुंबला आणि पाणी वर चढलं, तर जायला वाट नाही. मग ते मधूनच माथ्यावरून वाहील. मातीच्या बांधावरून पाणी वाहायला लागलं की तो कापतच जातो. आणि मागे अडकलेलं सगळं, धोंड्यांसकट, एकदम खाली."

दोघांनीही खाली पाहिलं. गल्लीत कुणीतरी गाद्या उन्हात घालत होतं.

"यंत्र या बोळातून वर येत नाही. आमची माणसं पुढच्या आठवड्याआधी मिळत नाहीत. आपण दोघं खणत बसलो तर पाऊस आधी येईल. आज संध्याकाळपर्यंत हा उघडला नाही तर मला गल्ली रिकामी करायला सांगावं लागेल, आणि तुमच्याबद्दल लिहावंही लागेल. तेव्हा मामा, ज्याने हा भरला त्याला शोधायचं. त्याला माणसं गोळा करता आली, त्याअर्थी उपसायलाही करता येतील."

त्यांनी छत्रीचं टोक खुपसून एक कड पाडली आणि गुडघ्यांवर बसल्या. मामाही वाकले. आतली माती बघून दोघं चकित झाले. एक पट्टा काळा, एक तांबूस, एक वाळू मिसळलेला. मध्येच अंड्याच्या टरफलांचे तुकडे, मध्येच चहाचा चोथा. प्रत्येक थर बोटभर जाडीचा आणि घट्ट दाबलेला, आणि दर थरावर बाटलीच्या बुचाएवढे गोल गोल ठसे. कोपऱ्यात गवतातून एक वेगळंच रोप डोकं काढत होतं.

"टोमॅटो," बाईंनी पान चुरगळून वास घेतला. "सांडव्यात टोमॅटो मी आयुष्यात पहिल्यांदा बघतेय."

त्या छत्रीने दुसरीकडे उकरू लागल्या. तेवढ्यात मामांना मातीत काहीतरी निळं चमकलेलं दिसलं. त्यांनी बोटाने उकरलं. खापर होतं, निळ्या रंगाचं, त्यावर एक पांढरा ठिपका आणि कानाचा अर्धा तुकडा. हा कप त्यांच्याच हातातून पडून फुटला होता. मामीने ओरडून ओरडून त्याचे तुकडे गोळा केले होते आणि पाणी झिरपायला आपल्या कुंडीच्या तळाशी घातले होते.

बाईंची पाठ होती. मामांनी ते खापर पटकन खिशात टाकलं.

३

पहिल्यांदा दोघं ठेकेदाराकडे गेले. घळीच्या पलीकडच्या उतारावर त्याचं घरांचं बांधकाम चालू होतं. पायासाठी खणलेल्या पिवळ्या मुरमाचे ढीग आभाळाला टेकले होते आणि ते टाकायचे कुठे या विवंचनेत तो पत्र्याच्या खोलीत पंख्याखाली बसला होता. टेबलावर नकाशे, नकाशांवर चहाचे गोल डाग.

"मी?" त्याने कानांवर हात ठेवले. "बांधामागच्या खड्ड्यात माती टाकू द्या, असं मी मामांना विचारलं होतं, खोटं कशाला बोलू? मामांनी मला असं फैलावर घेतलं की आठवडाभर मी या वाटेने आलो नाही. आणि सांडव्यात टाकून मला काय मिळणार? माझ्या एका ट्रकचीसुद्धा सोय होत नाही तिथे."

"जोराचा पाऊस आला," बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तर बांध कुठून फुटेल?"

ठेकेदाराने डोकं खाजवलं. "नळ तुंबला तर मधून. तिथेच सगळ्यात उंच आहे ना, पायथाही तिथेच खोल."

"बरोबर," बाई म्हणाल्या आणि उठल्या. बाहेर आल्यावर त्यांनी मुरमाच्या ढिगात बोट घातलं. पिवळंधमक, एकजात, टोमॅटोचं बी उगवेल तर शपथ.

मग कवायत मास्तर. शाळेच्या मैदानाच्या कडेला त्यांची सामानाची खोली होती. दोऱ्या, चेंडू, आणि भिंतीला टेकलेली एक कुबडी. कुबडी त्यांचीच. सांडव्याच्या खोलगटात पाय मुरगळून मागच्या वर्षी ते बरेच दिवस लंगडत होते, आणि 'हा खड्डा कुणीतरी बुजवा हो' असं येईल त्याला सांगत होते. मामांना तर आता खात्रीच वाटली. खिशातल्या खापराचं काहीतरी वेगळं कारण असणार, मास्तरांनीच कुठल्या तरी उकिरड्यावरून माती उचलली असणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. माणसाला हवं ते पटवून घ्यायला वेळ लागत नाही.

"बुजवला, चांगलं झालं," मास्तर म्हणाले. "पण मी नाही बुजवला. माझी पोरं पळतात, माती वाहत नाहीत."

"कुणी बुजवला?"

मास्तरांनी शिट्टी तोंडात धरली, काढली, परत धरली. "मला काही माहीत नाही. ज्यांनी केलं त्यांचं भलं होवो."

"ज्यांनी," बाई हळूच म्हणाल्या. "बरं, जोराचा पाऊस आला तर बांध कुठून फुटेल?"

"आता?" मास्तर मोकळेपणाने हसले. "आता कशाला फुटतोय? आधी तिथून फुटला असता, त्या खिंडारातून. सगळी गल्ली त्याच भीतीने पावसात जागी असायची."

बाई थबकल्या. त्यांनी मैदानातून वर बांधाकडे पाहिलं. इथून बांध एखाद्या लांब भिंतीसारखा दिसत होता. सांडवा उघडा असता तर भिंतीची एक कड ढासळल्यासारखीच दिसली असती.

"मामा," मैदानाबाहेर पडताना त्या म्हणाल्या, "आपण सकाळपासून चोर शोधतोय, म्हणून सापडत नाही. बांधाचं वाईट करणारा कुणी नाहीच. आपल्याला बांधाची दुरुस्ती करणारा शोधायचाय." मग चार पावलं गेल्यावर मान न वळवता त्यांनी विचारलं, "आणि तुमच्या उजव्या खिशात काय आहे? सकाळपासून हात बाहेर काढत नाही आहात."

४

मामा मटकन कट्ट्यावर बसले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती आणि अंगात कलाही नव्हती. पण मामीचं नाव घ्यायचं म्हणजे जीभ तोडल्यासारखं.

"किल्ल्या आहेत," ते म्हणाले.

"असू देत." बाईंनी दुसरं बिस्कीट काढलं. "ठेवा तुमच्या किल्ल्या तुमच्याकडे. मला त्यांची गरज पडणार नाही."

मामांना हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. उलट त्यांना घाम फुटला. नोकरी गेली तर गेली, घर गेलं तर गेलं, पण चारचौघांत मामीवर आळ येणार, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. हिने असं का केलं असेल? इतक्या वर्षांच्या संसारात बांधाच्या एका ढेकळाला हिने कधी हात लावला नाही. कुणी फितवलं असेल हिला?

बाई मात्र रमतगमत गल्लीतून चालल्या होत्या, खिडक्यांकडे बघत. एका कुंडीपाशी थांबून त्यांनी काठापासून मातीपर्यंत बोट घालून पाहिलं. दुसरीकडे पाहिलं. तिसरीकडे हसल्या.

दातांचे डॉक्टर ओसरीवर पेपर वाचत होते. शेजारी त्यांची काठी, टोकाला रबराची टोपी. ओसरीभर कुंड्या, आणि एका मोठ्या टबात टोमॅटोची झाडं, अर्धी आत बुडालेली.

"या, या! दात दुखतोय का कुणाचा?"

"बांधाचा," बाई म्हणाल्या. "डॉक्टर, तुम्ही दात भरायचात तेव्हा सगळं सिमेंट एकदम कोंबायचात का हो?"

"छे!" डॉक्टरांनी पेपर बाजूला ठेवला. विषय जिव्हाळ्याचा होता. "तसं केलं तर आत हवा राहते, भरलेलं उखडतं. थोडं थोडं घालायचं, दाबायचं, मग पुढचा थर. शेवटी वरून गुळगुळीत करायचं, जिभेला कळता कामा नये!"

"सुरेख काम," बाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष काठीच्या टोपीकडे होतं. "पाच वाजता मामांच्या अंगणात चहाला या. सगळं काठीमंडळ घेऊन या. येताना घमेली, खुरपी, फावडी, जे असेल ते आणा."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्हाला आवडलं?"

मामा मध्ये पडले. त्यांना राहवेना. "बाईसाहेब, कुणाला बोलावू नका. सांडवा मीच भरला. जायच्या आधी भरला. लिहा, काय लिहायचं ते."

डॉक्टर आ वासून मामांकडे बघत राहिले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात बघितलं, आज त्यांचंच उघडं राहिलं होतं.

५

पाचाच्या आधीच अंगण भरलं. काठ्या कुंपणाला टेकल्या, घमेली ओळीने लागली. वर घळीवर ढगांची काळी रांग लागली होती. मामी किटली घेऊन बाहेर आल्या आणि सगळ्यांना चहा वाटू लागल्या. मामा मात्र दाराची चौकट धरून उभे, पांढरेफटक.

बाई पायरीवर बसल्या होत्या, अनवाणी.

"सांडवा भरणारा मला सापडला," त्या म्हणाल्या. "माती एकरंगी असती तर ट्रकची म्हटली असती. ती प्रत्येक घराची वेगळी आहे. तिच्यात अंड्याची टरफलं आहेत, चहाचा चोथा आहे, टोमॅटोचं रोप आहे. म्हणजे कुंड्यांची आणि परसातल्या वाफ्यांची माती, पिशवी पिशवीने आणलेली. गल्लीतल्या सगळ्या कुंड्या अर्ध्या रिकाम्या आहेत. बोटभर जाडीचे थर दाबून बसवलेत, म्हणजे कुणीतरी आयुष्यभर बारीक भोकं भरलेल्या माणसाने शिकवलंय. आणि दर थरावर जे गोल ठसे आहेत, ते त्या कुंपणाला टेकलेल्या काठ्यांचे."

मंडळात खसखस पिकली. काही जणांनी तर टाळ्याच वाजवल्या. गुन्हेगारांना एवढा आनंद झालेला बाईंनीही कधी पाहिला नसावा.

"पण एक कोडं उरलं," बाईंनी हात वर केला. "तुम्ही खालून सगळं बघता. ती जागा ढासळलेली दिसते, हे खरं. पण ती दुबळीच आहे, अशी एवढी खात्री कुणी दिली? माती वाहायला उठवेल इतकी? ते अशा माणसाने सांगितलं असणार ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे, ज्याचं घर बांधाला लागून आहे, आणि ज्याने वर्षानुवर्षं मामांना पावसात बघितलंय."

"मी सांगितलं ना, मी भरला!" मामा ओरडलेच.

"अहो, काहीतरीच काय बोलताय?" मामींनी किटली खाली ठेवली. "तुम्ही इथे होता का? बाई, मीच सांगितलं सगळ्यांना. माझीच कल्पना. आणि यांना अचानक दाखवून खूश करायचं होतं, तर हे सकाळपासून तोंड पाडून फिरतायत!"

मामा खिशातलं खापर घट्ट धरून उभे होते.

"का केलं मामी?" बाईंनी अगदी हळू विचारलं.

"का म्हणजे? लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून बघतेय. पाऊस लागला की हे छत्री घेऊन निघाले. आणि बसतात कुठे? बांधाच्या मध्यावर नाही, दुसऱ्या टोकाला नाही, नेमके त्या खोलगट जागेशी. तासन्‌तास, भिजून चिंब. मी स्वयंपाकघरातून बघत असायची. एवढा जीव टांगणीला लागतो, म्हणजे तिथेच काहीतरी अधू असणार. म्हटलं, ती जागा भरून टाकली की यांना घरात बसता येईल. पावसाळ्यातसुद्धा नातीकडे जाता येईल. नुसती रडत होती ती पोर काल रात्री फोनवर, आजोबा गेले म्हणून." मामींचे डोळे भरून आले. "विचारायचं म्हटलं, तर हे बांधाचं घरात कधी बोलतच नाहीत."

बाईंनी उठून चहा संपलेली किटली उचलली, झाकण काढलं, तोटीवर अंगठा दाबला आणि दारातल्या बादलीतलं पाणी तांब्याने वरून ओतत राहिल्या. किटली भरली, आणि पाणी चहूबाजूंनी काठावरून अंगणात सांडलं. मग त्यांनी अंगठा काढला. पाणी तोटीतून, एका धारेत, शहाण्यासारखं बाहेर पडलं.

"सांडवा म्हणजे ही तोटी," त्या म्हणाल्या. "मामा तिथे बसतात ते ती जागा अधू आहे म्हणून नव्हे. पाला अडकून ती बंद पडू नये म्हणून."

मामींनी तोंडावर हात ठेवला. त्यांनी एकदा बांधाकडे पाहिलं, एकदा खालच्या घरांकडे, आणि एकदा वरच्या ढगांकडे.

"म्हणजे," डॉक्टर चाचरत म्हणाले, "आम्ही किडलेला दात म्हणून चांगलाच भरून टाकला?"

"दात नाही डॉक्टर. पेशंटचं नाकच."

कवायत मास्तर सगळ्यांच्या मागे उभे होते. त्यांनी शिट्टी फुंकली. "बघत काय बसलाय? उचला घमेली!"

६

काठीमंडळ एकदा कामाला लागलं की कुणाचं ऐकत नाही. मास्तरांनी वरपासून खालपर्यंत रांग लावली, निरोप मिळताच ठेकेदार आपले गवंडी घेऊन आला आणि स्वतः फावडं हाणू लागला. बाई मध्ये उभ्या राहून ओरडत होत्या, "माती खड्ड्यात नाही टाकायची, उतारावर नाही टाकायची, ज्याची त्याने घरी न्यायची!" त्यावरून जरा भांडणंही झाली, कारण शिंपीणबाईंच्या मते सगळ्यात चांगली काळी माती त्यांची होती आणि ती डॉक्टरांच्या घमेल्यात गेली होती. टोमॅटोचं रोप मात्र कुणी मोडू दिलं नाही. ते मामींनी ओंजळीत धरून घरी नेलं.

उजेड होता तोवरच खालचे दगड दिसू लागले. स्वच्छ, जागच्या जागी. मामा खाली उतरून त्यावर हात फिरवत राहिले.

"बाईसाहेब, आता माझ्याबद्दल..."

"मी येते तेव्हाचं लिहिते आणि निघते तेव्हाचंही लिहिते," बाई बूट घालत म्हणाल्या. "आले तेव्हा सांडवा बुजलेला, निघताना मोकळा. राखणदाराची चूक नाही. चूक असलीच तर आमच्या खात्याची आहे. बांध बांधला, पण तो कसा चालतो ते खालच्या माणसांना कुणी सांगितलंच नाही. आणि धोक्यांच्या रकान्यात उंदीर, मुळं, भेगा यांच्या खाली एक नवा धोका लिहिणार आहे."

"कोणता?"

"शेजाऱ्यांची माया." त्या हसल्या. "मंडळाला पावसाळ्यात पाळ्या लावून द्या. एवढी माणसं फुकट काठ्या टेकत येतात, त्यांना पाला काढू दे. तुम्ही नातीकडे जाऊन या." पुड्यातलं शेवटचं बिस्कीट मामांच्या हातावर ठेवून त्या झपझप उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला, सांगितल्यापेक्षा जोरात. मामांनी छत्री उचलली. दारात मामी आपली छत्री उघडून तयारच होत्या.

"तू कुठे?"

"बघायचंय मला, काय बघत बसता ते."

दोघं सांडव्याच्या कडेला दगडावर बसले. मागच्या खड्ड्यात गढूळ पाणी चढू लागलं. ओंडके, फांद्या, पाल्याचा हा ढीग नळाच्या जाळीवर जाऊन बसला आणि पाणी आणखी वर आलं. मामींनी मामांचा दंड घट्ट धरला. पाणी दगडांच्या कडेला टेकलं, क्षणभर थांबलं, आणि सांडव्यातून अलगद, रुंद होऊन पलीकडे निघालं, घरांपासून दूर, जुन्या ओढ्याच्या वाटेने. खाली गल्लीतल्या खिडक्या उघडल्या होत्या. सगळे बघत होते, आणि कुणी जागा सोडून पळत नव्हतं.

एक फांदी सांडव्यात आडवी अडकली. मामा उठायच्या आत मामींनी छत्रीच्या दांड्याने ती ढकलून दिली.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "हे एवढंच करायला इतकी वर्षं एकटे भिजत होता?"

मामांनी खिशातून निळं खापर काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. मामींनी ते ओळखलं. कप फोडल्याबद्दल परत एकदा ओरडायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण मग त्या नुसत्याच हसल्या आणि आपली छत्री मिटून मामांच्या छत्रीत सरकल्या.